उभं राहिल्याची हजेरी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. घरात दुसरं छापील फारसं काही नव्हतं. वडील चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात होते, आणि तिथल्या युनियनची उरलेली पत्रकं आमच्याकडे गठ्ठ्यानं यायची. आई ती फळ्यांवर अंथरायची, तांदळाच्या डब्याखाली घालायची. मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायची. रफार कुठे द्यायचा हे मला शाळेनं नाही, 'संघर्ष' या शब्दानं शिकवलं. संपाच्या आधी मैद्याची खळ आमच्याच चुलीवर शिजायची, आणि भिंतीवर पोस्टर डकवताना आधी वरची कड दाबायची की मधला भाग, हे मला गणवेशाचे बंद बांधता येण्याआधी कळत होतं.

आमच्या कॉलनीत एक शिवी होती. ती बाहेरच्या माणसाला शिवी वाटणार नाही. 'मटण खाल्लेला.' संपाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कारखान्याची गाडी कॉलनीत फिरायची आणि जे यायला तयार असतील त्यांना आत घेऊन जायची. आत गाद्या टाकलेल्या असायच्या, मटण शिजलेलं असायचं, पडद्यावर सिनेमा लावायचे. सकाळी गेटबाहेर घोषणा चालू असायच्या तेव्हा ही माणसं आतच असायची, म्हणजे हजर. त्यांनी मशीन चालवलं की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. बाहेर सांगता आलं पाहिजे, हजेरी चांगली होती.

आमच्या रांगेतले एक काका एका वर्षी त्या गाडीत बसले. वडिलांचे दोस्त, दोघं एकाच सायकलवर ड्युटीला जायचे. त्या दिवसापासून वडील त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांच्या मुलीच्या लग्नात आई गेली, मी गेले, वडील दारातच खुर्ची टाकून बसून राहिले. वरात आमच्या घरावरून गेली. मी तेव्हा वडिलांच्या बाजूनं होते, पूर्णपणे. आजही मला त्या वेळची माझी चीड आठवते, आणि ती खोटी नव्हती.

हे सगळं डोक्यात घेऊन मी एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत कंत्राटी लिपिक म्हणून लागले. शाळा एका खासगी संस्थेची. मुलं तिथंच राहतात, जेवतात, शिकतात. शाळेसमोरून सूरजागडच्या डोंगराकडून येणारे लोखंडाच्या दगडाचे ट्रक दिवसभर जातात, त्यामुळे पावसाळ्यात फाटकापुढचा चिखल लाल असतो आणि मुलांचे पांढरे मोजे शनिवारपर्यंत विटकरी होतात. कायम शिक्षक सहा-सात, बाकी आम्ही कंत्राटी आणि रोजंदारी. संस्थेचे सचिव दुसऱ्या गावात राहतात. त्यांचं अस्तित्व म्हणजे फोन.

आणि हजेरीचं अॅप. ते माझ्याच फोनवर चालायचं. मी आधी स्वतःचा चेहरा दाखवायचा, मग ते उघडायचं. मग एकेकानं समोर यायचं, पडद्यावरच्या गोलात तोंड आणायचं, सांगितलं की डोळे मिचकवायचे. शाळेच्या आवाराबाहेर गेलं की ते चालत नाही. आवारातही ते फक्त पाण्याच्या टाकीजवळ चालतं, कारण इंटरनेटची रेंज तिथंच येते. म्हणून आमच्या शाळेत हजर होणं म्हणजे टाकीजवळ जाऊन आभाळाकडे बघत डोळे मिचकवणं. मुलं आमची नक्कल करतात.

देशभरातल्या संघटनांनी एक दिवसाचा संप पुकारला तेव्हा जुलै होता, धानाच्या रोवणीचे दिवस. संपाच्या दोन दिवस आधी सचिवांचा संदेश आला. मुख्याध्यापकांनी, आम्ही त्यांना हेडसर म्हणतो, तो मला वाचून दाखवायला लावला, कारण त्यांचा चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. संपाच्या दिवशी कुणाचीही रजा मंजूर होणार नाही. आधी मंजूर झालेली रजाही रद्द. कागदावरची हजेरी चालणार नाही, अॅपवरचीच आणि अकराच्या आत. कायम कर्मचारी गैरहजर राहिल्यास पगार कापून नोटीस. कंत्राटी गैरहजर राहिल्यास त्याला नोकरीची गरज नाही असं समजलं जाईल. रोजंदारी गैरहजर राहिल्यास सेवेत खंड.

मी म्हटलं, सर, मागच्या बंदला तर असं काही नव्हतं.

आमच्या भागात बंद दोन तऱ्हेचे. एक जंगलातून येतो. रस्त्यावर झाड आडवं पडतं, बुंध्याला लाल कापड बांधलेलं असतं, आणि एसटी आगारातून निघत नाही. आता हे कमी झालंय, पण मी लागले त्या वर्षी एकदा झालं होतं. तेव्हा याच सचिवांनी सकाळी सकाळी फोन करून सांगितलं होतं, कोणी घराबाहेर पडू नका, जीव महत्त्वाचा. आणि आम्ही सगळे, आपापल्या घरी चहा पीत बसलेले, हजर लागलो होतो. म्हणजे भीतीनं घरी बसलेला माणूस हजर आणि हक्कानं घरी बसलेला गैरहजर. मी हे वाक्य हेडसरांना ऐकवलं. मला ते फार आवडलं होतं. पत्रकात शोभलं असतं.

हेडसर सिंदेवाहीकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी वाक्य ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण ते सचिवाले सांगा जी, मले काऊन सांगून राह्यल्या?"

कायम शिक्षक संपावर जाणार हे ठरलेलंच होतं. तालुक्याला मोर्चा होता. त्यांची जीप सकाळी फाटकासमोरून मला घेणार होती. मीही जाणार होते. नोकरी गेली तर जाईल. मी घरी फोनवर तसं सांगितलं तेव्हा वडील फक्त 'ठीक' म्हणाले, पण त्यांचं 'ठीक' मला कळतं. त्या रात्री मला झोप लागली नाही ती भीतीनं नाही. मला वाटत होतं, अखेर माझाही नंबर लागला.

एकच प्रश्न होता, मुलांच्या जेवणाचा. त्यावर शिक्षकांमध्ये आणि माझ्यात वाद झाला. एक गुरुजी म्हणाले, एक वेळ मुलांचं जेवण चुकलं की सचिव धावत येतील, तीच आपली ताकद. मी म्हटलं, मुलांच्या पोटावर संप करायचा असेल तर मी तुमच्या जीपमध्ये बसणार नाही. शेवटी ठरलं की हेडसर संपात नाहीत, रांधायची व्यवस्था त्यांनी बघावी. आणि रांधणाऱ्या कामाठी बाईला कुणी संपात ओढायचं नाही.

कामाठी म्हणजे वसतिगृहातलं पडेल ते काम. ही बाई मोठमोठी पातेली उतरवते, भांडी घासते, मुलींच्या केसातल्या उवा काढते, तापलेल्या मुलाच्या उशाशी बसते. शाळेमागच्या माडिया आदिवासींच्या गावातली, चाळिशीची असेल. सगळ्यांना 'तू' म्हणते, हेडसरांनाही, कारण तिच्या बोलीत मोठ्यांसाठी वेगळं काही नसावं असं मी धरून चालले आहे. ती कित्येक वर्षं रोजंदारीवर होती. त्या वर्षी पहिल्यांदा कामाठीची एक जागा कायम भरायची म्हणून संस्थेतून प्रस्ताव वर जाणार होता, आणि अट एकच होती: सेवा सलग हवी, मध्ये खंड नको. तिची सलग होती. बाळंतपणातसुद्धा, हजेरी कागदावर होती तेव्हा, तिनं आपल्या बहिणीला पाठवून दिवस भरून काढले होते. एक दिवस तुटला की मागचं सगळं शून्य, पुन्हा पहिल्यापासून. तिची जागा घ्यायला सचिवांच्या ओळखीतला माणूस टपलेला होता हे हेडसरांनाही माहीत होतं.

आणि संपाच्या आदल्या दिवशी दुपारी ती कार्यालयाच्या दारात आली आणि म्हणाली, "उद्या मी येत नाई."

मी खुर्चीतून उठलेच. मला वाटलं, आली. कुणी ओढलं नाही, कुणी समजावलं नाही, स्वतःहून आली. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला. मी तिचा हात धरून म्हटलं, मावशी, तुम्ही संपावर?

तिनं हात सोडवून घेतला. "संप तुझा हाय. आमच्या गावात उद्या पोलो हाय."

पोलो मला ऐकून माहीत होता. गावाचा गायता, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा माणूस, दिवस सांगतो. त्या दिवशी गावात कुणी काम करायचं नाही. नांगर नाही, कुऱ्हाड नाही, विळा नाही. घरची चूल पेटते, दुसऱ्याच्या कामाची पेटत नाही. गावागणिक नेम वेगळे असतात, पण मोडणाऱ्यापुरतं ते राहत नाही, गावाच्या धानावर येतं, असं सगळीकडे मानतात. मोडलं तर दंड. रोवणीच्या तोंडावरचा पोलो तर कुणी मोडत नाही. दरवेळी ती पोलोच्या दिवसाची रजा आधी सांगून घ्यायची, हेडसर तिला सुट्टीच्या दिवसाबरोबर बदलून द्यायचे, आणि खंड पडायचा नाही. या वेळी गायत्यानं दिवस सांगितला तो नेमका हाच.

हेडसरांनी सचिवांना फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकला. हेडसरांनी नीट, पुन्हा पुन्हा सांगितलं की ही बाई संपात नाही, हा तिच्या गावचा नेम आहे. पलीकडून सचिव म्हणाले, उद्या जो नाही तो संपावर. मला पोलो-बिलो सांगू नका, उद्या सगळ्यांच्याच गावात काहीतरी निघेल.

फोन बंद झाल्यावर हेडसरांनी तिला समजावून सांगितलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं की असंही तुम्हाला ते संपावरच धरणार आहेत, तर मग संपावरच या की. निदान तुमच्या मागे संघटना उभी राहील.

"तुही संघटना माहा धान रोवन का?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. मग पदर खोचून रात्रीचा भात टाकायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी दुचाकी फाटकाबाहेरच लावली. आत जायचं नाही हे ठरवलेलं होतं. पाऊस नव्हता, पण सगळं ओलं होतं. ट्रक चालूच होते. जीप यायला वेळ होता. फाटकातून आत पाहिलं तर टाकीजवळ कामाठी बाई उभी होती. धुतलेलं लुगडं, तेल लावून बांधलेले केस, दोन्ही हात पाठीमागे धरलेले. लग्नात फोटोला उभं राहावं तशी.

हेडसर फाटकापाशी आले. कपाळाला कोळशाचा डाग, हातात झारा. ते आणि एक कंत्राटी शिक्षक पहाटेपासून खिचडी करत होते. मोठ्या मुलींनी मदतीला यायचं विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं होतं. हे त्यांनी मला मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. मग हळू आवाजात बाईचं सांगितलं. ती रात्री गायत्याकडे गेली होती. विचारलं, उभं राहणं हे काम आहे का? गायत्यानं दोन म्हाताऱ्यांना बोलावलं. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं, उभी राहा. कशाला हात लावू नको, काही उचलू नको, कुणाला काही देऊ नको. उभं राहायला देवाची हरकत नाही.

मला हसू आलं. सचिवांना नेमकं तेवढंच हवं होतं. त्यांना भात नको होता, भांडी नको होती. टाकीजवळ एक शरीर हवं होतं. माडियांच्या गायत्यानं आमच्या सचिवांना माझ्यापेक्षा बरोबर ओळखलं होतं, एकदाही न पाहता.

"तेवढं मोबाईल आणा जी," हेडसर म्हणाले.

तेव्हा मला कळलं. हजेरी माझ्या फोनवर. फोन माझ्या चेहऱ्यावर. मी उघडल्याशिवाय बाईचा चेहरा कुठे जात नव्हता. आणि मी उघडलं की पहिली हजेरी माझी लागत होती. ते अॅप केलंच होतं तसं: जो उघडतो तो हजर.

मी हेडसरांना म्हटलं, तुमच्या फोनवर घ्या. त्यांनी घेऊन पाहिलं होतं. संस्थेकडून परवानगी लागते. संस्थेला फोन केला होता, तिकडून उत्तर आलं की लिपिक हजर असेल तर लिपिकाच्या फोनवरून पाठवा, आणि नसेल तर लिपिक संपावर आहे असं कळवा. म्हणजे माझाही निकाल त्यातच लागणार होता. मी पुढे काय करावं हे सांगण्याऐवजी ते झाऱ्याच्या टोकानं चिखलात रेघा मारत राहिले.

आतून एक लहान मुलगी धावत आली, बाईच्या लुगड्याला धरून पाणी मागू लागली. तांब्या टाकीवरच होता, हाताच्या अंतरावर. बाई हलली नाही. मुलीला माडियात काहीतरी म्हणाली आणि हनुवटीनं तांब्याकडे दाखवलं. मुलगी चवड्यांवर उभी राहून तांब्याशी झटापट करत राहिली, अर्धं पाणी अंगावर सांडलं. बाईचे पाठीमागचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले मला फाटकातून दिसत होते.

जीप आली. आत गुरुजी लोक, काठीला गुंडाळलेला फलक. एकानं हॉर्न वाजवला, दुसऱ्यानं ओरडून सांगितलं, चला, मोर्चा आपल्यासाठी थांबणार नाही. मी हात दाखवला, थांबा. त्यांना वाटलं असेल काही विसरलं.

मी फाटक ढकलून आत गेले. त्या वीस-पंचवीस पावलांत माझ्या मनात तत्त्वाचा विचार आला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला काकांचं लग्नघर दिसत होतं आणि दारात खुर्ची टाकून बसलेले वडील. मी फोन काढला, आभाळाकडे धरला. माझा चेहरा गोलात आला. डोळे मिचकवा असं आलं. मी मिचकवले. हिरवी खूण झाली. मी हजर.

मग फोन बाईसमोर धरला. ती हात पुढे करणार नव्हती, म्हणून मीच वर-खाली करत तिचा चेहरा गोलात आणला. डोळे मिचकवा असं आलं आणि ती थबकली.

"हे काम धरतेत का?" तिनं हेडसरांना विचारलं.

हेडसरांनी खरंच विचार केला. झारा हातात धरून, कपाळावर कोळसा घेऊन, ते म्हणाले, "डोये तं माणूस झोपेतबी मिटते. नाई धरत."

ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली, हसू दाबत, आणि एकदाच, सावकाश, डोळे मिटून उघडले. हिरवी खूण. मी पाठवलं. टाकीजवळची रेंज त्या दिवशी कधी नव्हे इतकी चांगली होती.

फाटकाबाहेर जीपमधले सगळे बघत होते. मी चढले तेव्हा एका गुरुजींनी सरकून जागा दिली, जरुरीपेक्षा जास्त. अर्ध्या रस्त्यात मी सांगायला सुरुवात केली. बाई, पोलो, सलग सेवा. कुणी मान हलवली, कुणी बाहेरचे ट्रक पाहत राहिलं. मोर्चात मी सगळ्यांत मोठ्यानं घोषणा दिल्या. घसा बसला. दुपारी संघटनेच्या व्हॉट्सअॅप गटावर कुठल्या शाळेत कोण कामावर हजर लागलं त्याची यादी येऊ लागली. आमच्या शाळेपुढे हेडसर, तो कंत्राटी शिक्षक, कामाठी, आणि मी. खाली कुणीतरी अंगठा दाखवला होता, उलटा.

शनिवारी मी घरी गेले. बल्लारपूरला उतरून पुढचा प्रवास करताना मी ठरवत होते की कुठून सांगायचं, आणि शेवटी जेवायच्या आधीच सांगून टाकलं, सगळं, डोळे मिचकवण्यासकट. आई मध्येच हसली आणि वडिलांकडे बघून थांबली. वडील उठून पाणी प्यायले. पेपर उचलला, सकाळीच वाचून झालेला, आणि पुन्हा वाचू लागले. संध्याकाळभर हे चाललं. माझ्या लक्षात आलं की या घरात कुणी बोलायचं थांबलं की किती वेळ थांबतं याचा मला अंदाज आहे.

सकाळी अंगणात दात घासताना ते म्हणाले, "पोरायले रांधून कोणी घातलं?"

"हेडसरांनी."

"काय?"

"खिचडी. करपली होती म्हणे."

ते चूळ भरायच्या आधीच हसले, मग ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणाले, "त्यानं मटण खाल्लं होतं. तू काय खाल्लंस?"

"काहीच नाही."

"मंग जेव आता. तोंड पाह्य कसं झालं."

माझी सुटका झाली होती. गप्प बसायला हवं होतं. पण मला गप्प बसता येत नाही, हे त्यांच्याकडूनच आलंय. मी विचारलं, "बाबा, काकांना कधी विचारलं होतं का, ते गाडीत का बसले?"

त्यांनी तांब्या उपडा ठेवला. "काय विचारायचं? आत होता तो."

एवढंच बोलून ते आत गेले. काकांचं घर आमच्या दारातून दिसतं. ओट्यावर काका बसले होते, म्हातारे झालेत, पायाला तेल चोळत होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला. मीही केला. मी तिकडे जाऊन विचारू शकले असते. गेले नाही. अजून गेलेली नाही. त्या वर्षी त्यांच्या घरी काय चाललं होतं हे मला माहीत नाही, आईलाही नीट आठवत नाही, आणि याचा मला फार त्रास होतो.

सोमवारी शाळेत आले तर कामाठी बाई पातेली घासत होती, नेहमीसारखी, कोपरापर्यंत राख. पोलोच्या संध्याकाळी तिला गावानं बसवून घेतलं होतं. काय काय केलंस ते सांग, म्हणाले. तिनं सगळं सांगितलं. मुलीला पाणी दिलं नाही, फक्त हनुवटीनं दाखवलं, हेही सांगितलं. एका म्हाताऱ्याचं म्हणणं पडलं की दाखवणं हेही देण्यासारखंच. त्यावर वाद झाला. डोळे मिचकवल्याचं सांगितल्यावर तिला ते पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं, आणि गायता इतका हसला की दंडाचं राहूनच गेलं.

"तुले कोणी विचारलं का?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, मला यादीत टाकलं. विचारलं नाही.

महिन्याभरात नोटिसा आल्या. सगळ्या कायम शिक्षकांना. कामाठी बाईला नाही. तिचा प्रस्ताव सलग सेवेसह वर गेला. मीच टाइप केला, दोनदा तपासला. मलाही नोटीस नव्हती. मी हजर होते. मग मी अर्ज लिहिला: मी त्या दिवशी मोर्चात होते, शाळेचं काम केलेलं नाही, तरी मला संपात सहभागी समजून माझ्यावर कंत्राटातल्या अटीप्रमाणे कारवाई करावी. हेडसरांनी चष्मा शोधून आणून तो वाचला. म्हणाले, उभ्या नोकरीत असा अर्ज पाह्यला नाई. तरी सही करून पुढे पाठवला. उत्तर आलं की एकदा लागलेली हजेरी काढता येत नाही. मी दुसरा अर्ज केला. त्याचं उत्तर नाही. तिसरा लिहून ठेवला आहे. हेडसर म्हणतात, तुमच्या अर्जापायी तिच्या प्रस्तावाकडे कुणाचं लक्ष जायला नको, थोडं थांबा. ते बरोबर आहे. म्हणून तिसरा माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि खण उघडला की मला दिसतो, आणि मी दिवसातून कितीदा तरी खण उघडते.

परवा पुन्हा संपाची बोलणी सुरू झाल्याचं पेपरात आलं. पत्रकाचा मजकूर लिहायला मला सांगतील का माहीत नाही. बहुतेक नाही. मी जेवणाच्या वेळी पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले होते. बाई भाताची पेज गाळत होती. तिनं वर न बघता विचारलं, "पुढचा संप कधी हाय?"

"ठरला नाही अजून."

"ठरला म्हणजे सांग. गायत्याले आधी सांगा लागते. संपाच्या दिवशी आमचा पोलो नको."

मी चकित झाले. म्हटलं, "म्हणजे त्या दिवशी कामावर येणार?"

तिनं पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि माझ्याकडे, दोनदा सांगूनही न समजलेल्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं.

"म्हणजे त्या दिवशी येवाचं का नाई येवाचं, हे मले ठरवता येईन," ती म्हणाली आणि मला बाजूला सरकायला सांगून पेजेचं पातेलं घेऊन पायऱ्या उतरली.